खळ्यातली वाट

१८ जानेवारी, शनिवार

अखेर आज सुरू केलं.

दुपारी घरात कोणी नव्हतं. आई भजनाला गेलेली, नंदूदादा आणि चेतनावहिनी दोघंही हॉस्पिटलात ड्यूटीवर. मी जुना छोटा कॉम्प्युटर कपाटावर चढवला, वायर टीव्हीमागून राउटरपर्यंत नेली आणि त्यात टॉर टाकलं, म्हणजे माग लागू नये म्हणून निरोप घराघरांतून फिरवत नेणाऱ्या जाळ्याचं सॉफ्टवेअर. वाटलं होतं तेवढं अवघड नाही. थोड्या ओळींची एक फाईल लिहायची: कुठल्या दाराने आत येऊ द्यायचं, किती वेगाने पुढे सोडायचं, आपल्या टप्प्याचं नाव काय.

मी फक्त मधला टप्पा. कोणाचा तरी निरोप एका अनोळखी घरातून माझ्याकडे येणार, माझ्याकडून दुसऱ्या अनोळखी घरी जाणार. निघाला कुठून ते मला कळणार नाही, पोचला कुठे तेही नाही. आत काय आहे ते तर नाहीच, सगळं कुलूपबंद. शेवटचा टप्पा, जिथून माणूस उघड्या इंटरनेटवर उतरतो, तो मात्र मी घेतला नाही. तिथून कोणी काही वेडंवाकडं केलं की पोलीस त्या घरमालकाची बेल वाजवतात. एवढी हिंमत माझ्यात नाही.

अंधेरीच्या ऑफिसात कित्येक वर्षं मी हेच पाहायचे, की कोण कर्मचारी कुठल्या साइटवर किती वेळ होता. डिसेंबरात ती नोकरी सोडली. आता घरी बसून छोट्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळते. म्हटलं, थोडे दिवस न पाहण्याचं काम करून बघू.

नाव अजून सुचलेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

आईने विचारलंच. "कपाटार ह्यां काय लुकलुकतां गो, उत्तरा?"

मी माझ्या परीने सांगितलं. जगातली माणसं आपल्या घरातून जातात, पण आपल्याला दिसत नाहीत. ती तांदूळ निवडता निवडता थांबली. मला वाटलं, आता भुताखेतांचं काहीतरी काढणार. तर म्हणाली, "म्हणजे आमच्या खळ्यातली वाट."

तिच्या माहेरी, कणकवलीच्या पुढे, घरासमोरच्या अंगणातूनच गावाची पायवाट होती. "बाजाराक जाणारो, नदीर जाणारो, सगळे थंयसूनच. कोण खंय जातां ह्यां विचारूचां नसतां. तहान लागली तर पाणी देवचां, बस."

मी लगेच उठून फाईलमध्ये नाव लिहिलं: खळं. इंग्रजी अक्षरांत ते अगदीच भलतं दिसतं. पण आम्हाला माहीत आहे.

वहिनी पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "खरंच कोणाला कळत नाही?"

"कोणालाच नाही. मलाही नाही."

"बरं आहे," ती म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

नव्या टप्प्यावर हे नेटवर्क लगेच विश्वास ठेवत नाही. आधी नुसतं जोखत राहतं. चालू राहतो का, मध्येच झोपतो का, किती ओझं पेलतो. आठवडाभर तुरळक येजा होती. आज स्क्रीनवरचा येजेचा आलेख वर चढला.

काम बाजूला ठेवून बघत बसले. खिडकीतून पंतनगरच्या गच्च्या, त्यांच्या पलीकडे हायवे, त्याच्याही पलीकडे खाडी. धुरकट ऊन होतं, त्यामुळे खाडी आणि आकाश कुठे जुळतात ते कळत नव्हतं. डोळे मिटले की वाटायचं, आता कोणी बर्फाळ गावातली मुलगी इथून गेली. आता एखादा म्हातारा, ज्याच्या देशात बातम्या वाचायलाही लपावं लागतं. हॉलमधून, सोफ्याच्या कडेने, आईच्या शिवणाच्या मशीनला वळसा घालून. कोणी चपला वाजवत नाही.

डोळे उघडले तर दोन वाजून गेलेले आणि भात करपलेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी दमून आली. ती डायलिसिसची टेक्निशियन. मशीन जोडायचं, पेशंटजवळ थांबायचं, रक्त शुद्ध होऊन परत जाईस्तोवर लक्ष ठेवायचं. दादा त्याच हॉस्पिटलात खाली अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर असतो. त्यानेच तिला तिथे लावलं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी खूप केलं आमच्यासाठी, त्यामुळे घरात त्यांचं नाव निघालं की आई हात जोडते.

"आज अंजनाबाईंना परत थंडी भरली," वहिनी म्हणाली. "मशीन लावलं आणि अर्ध्या तासात नुसती थडथड. तीन ब्लँकेटं घातली. मला म्हणतात, बाय, मना समुद्रान टाकलंय काय गो?"

अंजनाबाई मानखुर्दच्या बाजारात मासळी विकतात. वहिनीवर त्यांचा भारी जीव. कधीकधी तिच्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे आणतात, ते खाऊन आम्ही त्यांना ओळखतो.

"ताप असेल गं, सध्या सगळीकडे आहे," मी म्हटलं. आलेखात एक विचित्र खड्डा पडला होता, तो का पडला ते मी शोधत होते.

वहिनी थोडा वेळ माझ्या मागे उभी होती. मग आत गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा भडकला. बँकेची साइट उघडेना. मी सांगितलं, टॉरच्या टप्प्यांचे पत्ते जाहीर असतात, काही साइट्स ती यादी बघून सरसकट दार लावतात. आपण मधलेच आहोत हे त्यांना कळत नाही.

"म्हणजे तुझ्या त्या भुतांपायी मी माझ्या घरातून माझं खातं बघायचं नाही?"

"मोबाईलच्या नेटवरून बघ ना यार."

"डोकं फिरलंय तुझं. उद्या कोणी विचारलं ना, मी सांगणार, मला काय माहीत नाय."

आई म्हणाली, "नंदू, वाट हा ती. आडवू नको." दादा हसला, पण पूर्ण नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची संध्याकाळ जपून ठेवावी अशी. मी आणि वहिनी गच्चीवर गेलो. खाडीवर फ्लेमिंगो आलेत. इथून ते पक्षी वाटत नाहीत, पाण्यावर कोणी गुलाल सांडून विसरून गेलंय असं वाटतं. मध्येच अख्खा गुलाबी पट्टा उचलला जातो, वळतो, परत खाली बसतो.

वहिनीने आपणहून टॉरबद्दल विचारलं. मला इतका आनंद झाला की मी थांबेचना. घरात पहिल्यांदाच कोणाला माझ्या ह्या वेडात रस वाटला.

"समज, एखाद्याने आपल्याच घरातून वापरलं, तर?"

"तर उलट बरंच. घरातून आधीच इतक्या परक्यांची येजा आहे, त्यात ते एकटं उठून दिसणार नाही."

"आणि फोटो पाठवला तर? फोटोवरून कळतं कोणी काढला?"

"फोटोच्या पोटात बरंच काही असतं. कुठल्या फोनने काढला, कुठे, कधी. ते पुसून टाकता येतं." मी तिला फोनवर पुसून दाखवलं. मागच्या दिवाळीचा आमचा सगळ्यांचा फोटो घेतला सरावाला. तिने स्वतः दोनदा करून बघितलं.

"आणि फोटोत कोणाचा हात आला असेल तर?"

"मग तो कापायचा."

तिने फोन माझ्या हातात दिला. "तुला कधी वाटत नाही," ती म्हणाली, "की आत कोण चाललंय ते बघावं?"

"नाही. ते न बघणं हेच तर आहे सगळं."

काय छान प्रश्न विचारते ही. हिला कोणी अजून शिकवलं असतं तर कुठे पोचली असती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अंजनाबाई गेल्या. रक्तात जंतू पसरले म्हणाले.

वहिनी मानखुर्दला जाऊन आली. आल्या आल्या अंघोळीला गेली ती कितीतरी वेळ. नुसतं पाणी पडल्याचा आवाज. मी चहा केला. तो निवला. परत केला.

"त्यांची मुलगी मला विचारत होती," ती म्हणाली, "ताई, आईला तिकडे जायची भीती का वाटायची?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सगळ्यांनाच वाटते."

मी तिचा हात धरून बसले. डायलिसिसची माणसं आज ना उद्या जातातच, हे तिला माहीत असणार, तरी एवढं लावून घेते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीने रजा घेतली. म्हणाली, तुझा लॅपटॉप देतेस? एक अर्ज भरायचाय. मी म्हटलं घे की. दुसरीकडे नोकरी बघत असेल तर चांगलंच आहे, इथे फारच थकते. टॉरच्या ब्राऊझरमधूनच भरत होती. मला गंमत वाटली, शिकवलेलं लगेच वापरायची हौस!

ती डायनिंग टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून मी कपाटापाशी. घर शांत. आई आत झोपलेली. बाहेर लिंबाच्या झाडावर कावळे. आलेख संथ चालला होता, त्यातली एक बारीकशी रेघ पाहून मला वाटलं, जगाच्या कुठल्या तरी टोकाला ह्या क्षणी कोणीतरी फार घाबरून काहीतरी पाठवतंय. त्याला कळणारही नाही की घाटकोपरात एक बाई त्याच्यासाठी जागी आहे. असं वाटून डोळ्यांत पाणीच आलं.

मागे लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला. "झालं?" मी विचारलं. "झालं," वहिनी म्हणाली. मग तिने दुपारीच सगळं घर पुसून काढलं.

६ मार्च, गुरुवार

दादा संध्याकाळी पांढराफटक होऊन आला. एका बातम्यांच्या साइटवर त्याच्या हॉस्पिटलबद्दल आलंय. डायलिसिसमध्ये रक्त गाळणारी जी नळी असते, डायलायझर, ती धुऊन पुन्हा वापरतात. पण वापरायची ती त्याच पेशंटला, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. इथे म्हणे मर्यादा सोडून वापरत होते, आणि नावाच्या पट्ट्या बदलून एकाची नळी दुसऱ्यालाही लावत होते. एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्यांचे फोटो आहेत. माहिती देणाऱ्याचं नाव नाही.

जेवताना तेच चाललं.

"हिंमत असेल तर नाव घेऊन समोर यायचं ना," दादा म्हणाला. "हे असं अंधारातून दगड मारायचे! ज्या डॉक्टरांनी बाबांसाठी एवढं केलं!"

माझ्यातला वकील जागा झाला. "दादा, नाव सांगणारा दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतो. खरं की खोटं ते बघ, कोण बोललं ते कशाला?"

"तुझं तत्त्वज्ञान तुझ्या कपाटावर ठेव."

"पण खरं असेल तर?"

"खरं असेल तर चेतनाला नसतं दिसलं? ही तिथेच असते ना दिवसभर!" तो तिच्याकडे वळला. "सांग ना हिला. असं काही असतं तर तुला कळलं नसतं?"

वहिनी आमटी वाढत होती. पळी वाटीवर धरलेली तशीच राहिली. मग तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "जेव आधी."

दादाने माझ्याकडे बघून हात पसरले, बघ, असं. तिला मध्ये ओढायला नको होतं. कालपरवा तिचा पेशंट गेलाय.

१० मार्च, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते.

आज डॉक्टरांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं. निनावी माहिती टॉरवरूनच गेली असणार असं धरून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याने टॉरच्या टप्प्यांची जाहीर यादी काढली. दादा घरून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला कधीमधी जोडला जायचा, त्यामुळे आमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता त्यांच्याकडे होताच. तो यादीत सापडला. यादीत असण्याने काहीच सिद्ध होत नाही, हे त्या माणसालाही माहीत असणार. पण डॉक्टरांनी दादाला एवढंच विचारलं, "नंदू, तू?"

तो घरी आला आणि बूट न काढता माझ्यासमोर उभा राहिला.

"तू केलंस."

"मी? दादा, मी तुझ्या हॉस्पिटलात पाऊल ठेवलं नाही गेल्या वर्षभरात!"

"मग कोणी? चेतना काही बोलली असेल, तू त्याचं केलंस काहीतरी. त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं माहितीये? चोराकडे बघतात तसं. बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

तो कपाटाकडे गेला. मी आडवी आले. आम्ही दोघं लहानपणी भांडायचो तसे एकमेकांचे हात धरून उभे होतो. आई खोलीच्या दारात.

"मी," वहिनी म्हणाली.

स्वयंपाकघरातून आली होती. पदराला हात पुसत.

"उत्तराला काही माहीत नाही. फोटो मी काढले. मी पाठवले. इथेच बसून, तिच्या लॅपटॉपवरून."

दादाने माझे हात सोडले. मला आठवत गेलं, गच्ची, दिवाळीचा फोटो, अर्ज, तो लॅपटॉप मिटल्याचा आवाज. दूरदेशीची माणसं मला डोळे मिटून दिसत होती. पाठीमागे टेबलाशी बसलेली दिसली नाही.

"मला पट्ट्या बदलायला सांगायचे," वहिनी म्हणाली. "सुरुवातीला मी बदलल्या पण. अंजनाबाईंना कोणाची लावली तेही मला माहितीये."

दादा फुटला. "अगं पण मला—"

"नंदू, तू गप ऱ्हव," आई म्हणाली. मी आईचा असा आवाज ऐकला नव्हता. ती हळूहळू येऊन सोफ्यावर बसली, वहिनीला शेजारी बसवलं. "आधी माका सांग. ती बाय कोण होती? तिका पोरां होती?"

आणि वहिनी सांगायला लागली. ओळीने सगळं. अंजनाबाई कुठे बसायच्या, मुलीचं लग्न कसं ठरत होतं, मशीनवर असताना कुठली गाणी म्हणायच्या, थंडी भरली की कसा हात धरायच्या. दिवे लावायची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही. दादा बूट घालूनच भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आई आणि दादा दरवर्षी शिमग्याला गावी जातात, ह्यावर्षी गेले नाहीत. खालून पोरांची बोंबाबोंब वर येत होती.

वहिनी कामावर जात नाही. दादा जातो, येतो, तिच्याशी बोलत नाही. ताट तिच्याच हातून घेतो मात्र.

मी वहिनीला म्हटलं, बंद करते आता हे. ह्याच्यामुळेच दादावर आलं.

"नको," ती म्हणाली. "मी त्या दिवशी बसले होते ना, माझे हात गार पडले होते. मग तू पलीकडे काहीतरी पुटपुटलीस त्या आलेखाकडे बघून. मला बरं वाटलं. तुला माहीत नव्हतं, तरी."

बंद केलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

महानगरपालिकेचे तपासणीचे लोक हॉस्पिटलात येऊन गेले. डायलिसिसचा मजला बंद. पेशंटांना दुसरीकडे हलवलं.

वहिनी त्यांच्यापुढे स्वतःच्या नावाने बोलली. पट्ट्या आपण बदलल्या हेही सांगितलं. त्याचं काय होईल माहीत नाही. कदाचित तिला पुन्हा हे काम करू देणार नाहीत.

मी सोबतीला बाहेर थांबले होते. ती बाहेर आली तेव्हा बाकावर दादा येऊन बसला होता. मला वाटलं तिला न्यायला आला. तर तो म्हणाला, "थांब. माझं व्हायचंय."

तो आत गेला. नंतर मला त्यानेच सांगितलं. काउंटरवर पेशंटचे नातेवाईक येऊन सांगायचे, थंडी भरते, ताप येतो, इथे आल्यावरच येतो. त्याला वरून सांगितलेलं, समजूत घालून परत पाठव. तो घालायचा. "मला चांगलं जमायचं ते," दादा म्हणाला. अंजनाबाईंच्या मुलीचीही घातली होती.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं. पंतनगरच्या सिग्नलला दादाने वहिनीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

२३ मार्च, रविवार

दादाने नोकरी सोडली. वहिनीच्या चौकशीचं पत्र अजून यायचंय.

सकाळी ती शेवग्याच्या शेंगा सोलत खिडकीशी बसली होती. ऊन अजून कोवळं होतं, खाडीवरचं धुकं उठता उठता अडकल्यासारखं. दादा अंघोळ करून आला आणि तिच्यासमोर बसला. मी इथे टेबलाशीच होते. उठून जावं की नाही कळेना, म्हणून बसून राहिले.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. इतक्या दिवसांनी.

"सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"हो. थांबवलं असतं."

"आणि मी थांबले असते, नंदू," वहिनी म्हणाली. "तुझं ऐकलं असतं मी. म्हणून."

दादा तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला असं बघितलं असेल का, मला माहीत नाही. मग त्याने पुढे सरकून तिच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. त्याला सोलता येत नाहीत. साल मध्येच तुटते, अर्धी शेंग हातात राहते. वहिनीने एक सोलून दाखवली. त्याने दुसरी घेतली.